उलटा घातलेला कोट

माझ्या हातची आमटी कचऱ्याच्या पिशवीत होती. अर्धं पातेलं. आणि ती पिशवी बाहेर नेऊन टाकायची पाळी माझीच होती.

पाळी त्याच सकाळी ठरली होती. दोन हजार चार साल. अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या एका अपार्टमेंटमध्ये आम्ही चार मराठी पोरं राहायचो. फ्रिजवर एक कागद चिकटवलेला. वार, त्यापुढं स्वयंपाक कुणाचा, भांडी कुणाची, कचरा कुणाचा. मंगळवार आणि शुक्रवारचा स्वयंपाक माझा. त्या बुधवारी उठलो, तर स्वयंपाकातल्या माझ्या नावावर दोन्ही ठिकाणी व्हाइटनर. वर मंदारचं नाव. आणि कचऱ्याच्या रकान्यात सातही दिवस मी. व्हाइटनर अजून ओलं होतं.

मी मंदारकडे बघितलं. तो दूध गरम करत होता.

"आई आहे तोवर यार," तो म्हणाला. "दीड महिन्याचा प्रश्न आहे. पर्सनली घेऊ नकोस."

बाकीचे दोघं, एक नागपूरचा, एक मुंबईचा, बुटाच्या नाड्या बांधत होते. नाड्या बांधायला इतका वेळ लागलेला मी कधी बघितला नाही.

मंदारची आई, म्हणजे आमच्या काकू, पुण्याच्या. न्यू जर्सीत लेकीचं बाळंतपण आटोपून लेकाकडे राहायला आल्या होत्या. आदल्या संध्याकाळी त्यांनीच माझी आमटी वाटी तोंडाला लावून संपवली. "काय हात आहे रे तुझा! फोडणीत काय घालतोस?" असं विचारून पुन्हा घेतली. जेवण झालं आणि मी घरी फोन लावला.

माझे बाबा वर्ध्याकडच्या एका गावात राहतात. फोन ठेवताना ते 'जय भीम' म्हणायचे. मी म्हणायचो, 'बरं, ठेवतो.' दीड वर्ष हेच. कारण फोन हॉलमध्ये आणि हॉलमध्ये पोरं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं. त्यावरून काही कळत नव्हतं, आणि मीही कळू देत नव्हतो. बाबांच्या हे लक्षात येत नसेल असं मी मानून चाललो होतो. इतका मी मूर्ख.

त्या मंगळवारी ते लकवा मारल्यानंतर पहिल्यांदाच फोनवर आले. शब्द तोंडात लोळत होते. आईचं नावसुद्धा नीट येत नव्हतं. पण फोन ठेवताना त्यांनी ते दोन शब्द म्हटले. तुकडे पाडून, दम घेत म्हटले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मोठ्यानं. "जय भीम, बाबा!"

मागं ताटं आवरायचा आवाज थांबला.

एवढीच माझी चूक. बापाच्या नमस्काराला उलट नमस्कार केला.

तर मी ती पिशवी घेऊन निघालो. ती खालून गळत होती. बर्फावर पिवळे ठिपके पडत गेले. डब्याचं झाकण उघडून आत टाकली, परत आलो, हात धुतले. मग पुन्हा धुतले. आपण दोनदा का धुतले हे कळलं तेव्हा मला माझीच शिसारी आली.

आणि मी गप्प बसलो. लीज मंदारच्या नावावर, सेमिस्टर नुकतं सुरू झालेलं, बाहेर हाडं गोठवणारी थंडी. जाणार कुठं? पण खरं कारण तेही नव्हतं. मला वाटत होतं, गप्प राहिलो तर विसरतील. मी पुन्हा आपल्यातला होईन. माझं ताट, माझी वाटी काकूंनी सिंकखालच्या कप्प्यात ठेवली, तर मी तिथून मुकाट्यानं काढून घेऊ लागलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पुढच्या फोनला बाबांनी पुन्हा तुकडे पाडत ते दोन शब्द म्हटले. काकू सोफ्यावर बसल्या होत्या. मी म्हणालो, "बरं, ठेवतो."

पलीकडे ते थांबून राहिले. श्वास तेवढा ऐकू येत होता. मग आईनं फोन घेतला. जीव द्यावासा वाटला मला. खोटं सांगत नाही.

मी लायब्ररीत तासावर काम करायचो. एका प्राध्यापकांच्या संशोधनासाठी, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आगबोटींनी न्यूयॉर्कला आलेल्या उतारूंच्या याद्या कॉम्प्युटरवर उतरवायच्या. मायक्रोफिल्मचं रीळ यंत्रावर चढवायचं आणि पडद्यावरचं गिचमिड अक्षर वाचत बसायचं. नाव, वय, धंदा, गाव. मजूर. मजूर. मोलकरीण. मजूर. बहुतेक सगळे बोटीच्या तळातले. वरच्या वर्गाच्या लोकांना बोटीवरच बघून सोडून देत. तळातल्यांना तपासायला रांगेत उभं करत. उतरंड काय फक्त आपल्याच गावात असते?

शेजारच्या यंत्रावर मार्गारेट बसायची. साठीची, लायब्ररीतली जुनी बाई. एका शुक्रवारी तिनं तिच्या पणजीची गोष्ट सांगितली. रांगेत कुणात खोट दिसली की डॉक्टर त्याच्या कोटावर खडूनं एक अक्षर काढायचा. अक्षर पडलं की बाजूला व्हायचं. कदाचित उलट्या बोटीनं परत. पणजीच्या कोटावर अक्षर पडलं. तिनं गर्दीत कोट काढला, उलटा केला, पुन्हा घातला आणि चालत बाहेर पडली.

मला ती पणजी फार आवडली. "हुशार होती," मी म्हणालो.

"हुशार होती," मार्गारेट म्हणाली. "पण मग जन्मभर घाबरून राहिली. नाव बदललं. गाव पोरांनासुद्धा सांगितलं नाही. अकरा वर्षं मी तिला या रिळांत शोधतेय. पण कुठल्या नावानं शोधायचं, तेच मला माहीत नाही."

आणि ती रीळ पुढं फिरवत राहिली.

मी पडद्यासमोर बसून होतो, पण एक अक्षर वाचवेना. फोनच्या पलीकडे बाबा थांबले होते, तेव्हा तेही मला शोधतच होते. त्यांचा मुलगा या हॉलमध्ये कुठं आहे, आहे की नाही, एवढंच त्यांना ऐकायचं होतं. आणि मी कोट उलटा करून उभा होतो. तोही दीड वर्षापासून, कुणी खडू लावायच्या आधीच. माझा मलाच इतका राग आला की रीळ तसंच यंत्रावर सोडून उठलो.

घरी आलो. फ्रिजवरच्या कागदाचं व्हाइटनर नखानं खरवडलं. कागद फाटला. नवा घेतला, रकाने पाडले. शुक्रवार, स्वयंपाक, पुढं माझं नाव. बाबांच्या नावासकट, पूर्ण. मग कुकरला तुरीची डाळ लावली. काकू दारात आल्या.

"अरे, मी केलंय सगळं. तू कशाला उगाच?"

"काकू, शुक्रवार माझा आहे. जेवायचं नसेल तर जेवू नका. आणि ओतायची असेल तर या वेळी माझ्यासमोर ओता."

त्या आत निघून गेल्या. मंदार बाहेर आला.

"यार, तू इश्यू करतोयस."

"हो. करतोय."

नागपूरच्यानं ताट हातात घेतलं, मंदारकडे बघितलं आणि परत ठेवलं. मी एकटाच टेबलावर बसून जेवलो. आमटी दोनदा घेतली. घास उतरत नव्हता, तरी घेतली. मग फोन हॉलच्या मधोमध आणला आणि बाबांना ते दोन शब्द आधी मीच म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. पलीकडून बराच वेळ काहीतरी आवाज येत राहिला. हसत होते की रडत होते, ते त्या वाकड्या तोंडामुळे कळलं नाही.

आठवड्याभरात मंदारनं मला घर सोडायला सांगितलं. बर्फातून बॅग ओढत मी दारोदार फिरलो. आपल्याच पोरांची घरं. प्रत्येक दारात आत पाऊल टाकायच्या आधी मी कोण ते सांगितलं. पहिल्या दारात म्हणाले, रूम कालच गेली. दुसऱ्या दारातही कालच गेली होती.

तिसऱ्या दारातही मी आधी तेच सांगितलं.