गमबूटकाकांचा नकाशा

पाऊस असो, कडक ऊन असो, नाहीतर बर्फाची भुरभुर असो, आमच्या गावात एक माणूस बारा महिने गुडघ्यापर्यंतचे काळे गमबूट घालून सायकलवरून फिरायचा. रस्ते असे लख्ख की चिखलाचा थेंब शोधून सापडायचा नाही, आणि हे गृहस्थ गमबुटात. जपानी पोरं त्यांना ‘नागागुत्सु ओजिसान’ म्हणायची, म्हणजे आपल्या भाषेत गमबूटकाका. आम्हीही तेच म्हणायचो. एकदा न राहवून मी विचारलं, “काका, आता कशाला हो हे?” तर म्हणाले, “डॉक्टर, मी आलो तेव्हा हे सगळं गाव चिखलात होतं. इतकी वर्षं पायात आहेत. आता काढले तर लोकांना वाटेल, म्हातारा निघाला.”

गाव म्हणजे त्सुकुबा. सरकारने कागदावर आखून वसवलेलं शास्त्रज्ञांचं शहर. काका आले तेव्हा संशोधनसंस्थांच्या मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, पण त्यांच्या मधे नुसती पाइनची झाडं आणि माती. वारा सुटला की दात किरकिरायचे आणि पाऊस पडला की सायकल उचलून खांद्यावर घ्यावी लागायची. काका मूळचे बार्शीचे, डाळीच्या व्यापाऱ्याच्या घरातले. योकोहामात एका सिंधी शेठजींच्या कापडाच्या दुकानात नोकरीला होते. शेठजी मागच्या खोलीत आपल्या लोकांसाठी डाळ-मसाले ठेवायचे. एका रविवारी तिथे एक भारतीय शास्त्रज्ञ तीन तास प्रवास करून आला, दोन किलो तूरडाळ घेतली आणि पुन्हा तीन तासांच्या प्रवासाला निघाला. काकांना ते काही बघवलं नाही. पुढच्या रविवारी ते स्वतःच डाळीची पोती घेऊन त्सुकुबात उतरले आणि घोट्यापर्यंत रुतले. या गावातली त्यांची पहिली खरेदी गमबूट आणि पहिली विक्री डाळ, असं ते अभिमानाने सांगायचे.

एका जपानी तांदूळवाल्याच्या गोदामाचा अर्धा भाग घेऊन त्यांनी दुकान थाटलं. दुकानाला नाव नव्हतं. “नाव कशाला? गावात दुसरं आहे का?” हा त्यांचा सवाल. पण नुसती डाळ विकून ते थांबले असते तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. कोथिंबीर मिळत नाही म्हटल्यावर त्यांनी गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याला धणे नेऊन दिले आणि पेरायला लावले. त्याने आधी नाक मुरडलं, मग मेथीसुद्धा लावली. परदेशी माणसाला घर द्यायला मालक तयार होत नसत, तेव्हा काका नव्या माणसाला बरोबर घेऊन जायचे, मालकाच्या उंबऱ्याशी गमबूट काढून ठेवायचे आणि घर मिळेपर्यंत आतून उठायचे नाहीत. ‘दाराशी गमबूट दिसले की समजायचं, कुणीतरी नवीन आलंय’, असं तेव्हाचे लोक म्हणायचे.

मीही असाच एक नवीन. ठाण्याहून आलो होतो, उपग्रहांच्या छायाचित्रांवरून नकाशे बनवण्याच्या कामावर. तिसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात गमबूट, गमबुटात काका. “डॉक्टर, चहा करा. मग कागद देतो,” म्हणाले. मी पीएचडीवाला डॉक्टर होतो, पण काकांच्या लेखी पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही डॉक्टरच होता. चहा झाल्यावर त्यांनी कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानात, झेरॉक्स केलेला एक कागद माझ्यापुढे पसरला. बॉलपेनने काढलेला गावाचा नकाशा. मी पोट धरून हसायचाच बाकी राहिलो. उत्तर दिशा डावीकडे, मधोमध काकांचं दुकान, आणि अंतरं अशी: ‘सायकलने सात मिनिटं, बायको मागे बसली असेल तर दहा.’ एका चौकोनावर ‘दवाखाना, डॉक्टरीणबाई हळू बोलतात’, एका कोपऱ्यावर ‘कचऱ्यावर नजर ठेवणारी आजी, आधी नमस्कार करा, मग पिशवी ठेवा.’ आणि काही घरांवर छोट्या छोट्या घंटा काढलेल्या.

“या घंटा कसल्या?”

“इथे कधीही बेल वाजवायची. न विचारता. ताप आला, किल्ली हरवली, नुसतं रडू आलं, तरी.”

त्या घंटा कुणाच्याही घरावर मिळत नसत. तुम्ही वर्षभर टिकलात की काका एक दिवस येऊन विचारायचे, “तुमच्या घरावर काढू का?” आमच्याकडे आले तेव्हा मी कुरकुरलो. म्हटलं, उगाच कुणीही येईल. माझी बायको वृषाली म्हणाली, “काढा हो काका, याच्याकडे लक्ष देऊ नका.” पंधरा दिवसांत पहिली बेल वाजली. एक बंगाली जोडपं, कडेवर तापाने फणफणलेलं बाळ. वृषालीने खिचडी टाकली, मी त्यांना हळू बोलणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. परत येताना मला एकदम वाटलं, अरे, आपण इथले झालो की!

मूळ कागद काकांच्या गल्ल्याशेजारच्या खणात असायचा. वर्षानुवर्षं खाडाखोड, पांढऱ्या शाईचे थर, वर डकवलेले तुकडे. पापडासारखा कडक झाला होता. लोक येत, लोक जात, पण गेलेल्यांच्या घंटा काका खोडत नसत. “इथे दिल्लीचे गुप्ता होते. गेले, पण मागच्या शेजारणीला आलू पराठे शिकवून गेले. ती उघडते दार.” नवीन माणसाला झेरॉक्स देण्याआधी ते हा मूळ कागद दाखवायचे आणि एकेका घंटेची गोष्ट सांगायचे. तासभर सहज जायचा.

याच दुकानात एका दुपारी मी रागाने लाल होऊन गेलो होतो. दोन वर्षं खपून केलेल्या कामावरच्या शोधनिबंधात माझ्या साहेबांनी माझं नाव मागे ढकलून स्वतःचं पुढे घातलं होतं. आमच्या धंद्यात याहून मोठी चोरी नाही. काकांनी स्टूल पुढे केलं, वाटीत चिवडा दिला. “म्हणजे काम तुमचं आणि नाव त्याचं?” “हो ना!” “मग जेवण जात नसेल.” दुसरा उपदेश नाही, काही नाही. पुढचे चार दिवस मात्र ते रोज संस्थेच्या फाटकाशी डबा ठेवून जायचे. हे मी मुद्दाम सांगतोय, पुढचं कळावं म्हणून.

टोकियोहून वेगवान रेल्वे आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद काकांना झाला. नव्याकोऱ्या स्टेशनवर ते गमबूट घालून पेढे वाटत उभे होते. त्याच रेल्वेने त्यांची गिऱ्हाइकं टोकियोला जायला लागली. आम्हीसुद्धा. एकदा मी दहा किलो आट्याची पिशवी घेऊन स्टेशनातून बाहेर पडतो तर समोर काका. मला कुठे लपू असं झालं. त्यांनी पिशवीवरचं टोकियोच्या दुकानाचं नाव वाचलं आणि म्हणाले, “जड आहे, द्या इकडे.” आणि आपल्या सायकलच्या कॅरिअरला बांधून घरापर्यंत आणून दिली. वृषालीने मला जे बोलायचं ते बोलून घेतलं.

मग इथल्या भारतीयांच्या मंडळाची दिवाळी आली. मी त्या वर्षी चिटणीस. नवीन येणाऱ्यांसाठी फोनवर चालणारा नकाशा करायचं मी मनावर घेतलं. काकांकडे मूळ कागद मागितला. त्यांनी तो पुठ्ठ्यात घालून, दोरी बांधून दिला. “सांभाळून हं डॉक्टर,” एवढंच म्हणाले. मी महिनाभर बसून एकेक ठिकाण संगणकावर चढवलं. उत्तर वर आणली, अंतरं मीटरमध्ये केली, विनोदी शेरे काढून टाकले. कुणाची खासगी माहिती नको म्हणून घंटाही काढल्या. काम झालं आणि टेबल आवरताना कागदांचा गठ्ठा बांधला. जपानात कचऱ्याचे वार असतात. बुधवार कागदाचा. आठ दिवसांनी पुठ्ठा उघडून बघितला तर रिकामा. मी किती टापटिपीने कचरा वेगळा करतो, याचा मला तोवर अभिमान होता.

कार्यक्रमात मोठ्या पडद्यावर नकाशा झळकला. खाली ठळक अक्षरांत: ‘संकल्पना आणि निर्मिती’, आणि पुढे माझं नाव. एकट्याचं. ती ओळ लिहिताना माझ्या मनात खरंच काही आलं नव्हतं, आणि हे सांगायची मला जास्त लाज वाटते. पण पडद्यावर वाचली तेव्हा लख्ख दिसलं. माइक माझ्या हातात होता. ‘हा नकाशा मुळात काकांचा आहे’, एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण पहिल्या रांगेत आमच्या संस्थेचे संचालक बसले होते, मान डोलावत होते. मी “धन्यवाद” म्हणालो आणि माइक खाली ठेवला. टाळ्या थांबल्यावरही मागच्या रांगेत एकच माणूस वाजवत होता. पायात नुसते मोजे, गमबूट दाराशी.

नंतर जेवणाच्या रांगेत ते माझ्याजवळ आले. “फक्कड झालाय हो. उत्तर वर आली शेवटी! पण घंटा कुठे गेल्या?”

“काका, ते प्रायव्हसीचं असतं...”

“बरं बरं. आणि आपला कागद?”

“घरी आहे. आणतो ना.”

आणतो! त्यानंतर हा शब्द मी किती वेळा उच्चारला असेल, देव जाणे. पुढे दुकानावरून जायचंच टाळायला लागलो, सायकल मागच्या रस्त्याने काढायला लागलो. वृषालीला सगळं माहीत होतं. “जा आणि सांगून टाक. ते काही खाणार नाहीत तुला,” ती म्हणायची. ते खाणार नाहीत, हाच तर त्रास होता. त्यांनी ‘असू दे’ म्हटलं असतं तर मी कुठे तोंड लपवलं असतं?

काकांचे गुडघे गेले. दुकान बंद झालं, मुलगी त्यांना कावासाकीला घेऊन गेली. त्यांना निरोप द्यायला अर्धं गाव जमलं होतं, कोथिंबीरवाला शेतकरीसुद्धा आला होता. मला त्या दिवशी महत्त्वाची मीटिंग होती. म्हणजे मी लावून घेतली होती. संध्याकाळी वृषालीने सांगितलं, “विचारत होते तुला. म्हणाले, डॉक्टरांना कामं फार.” आणि या फेब्रुवारीत मुलीचा फोन आला, काका गेले. त्यांच्या अंत्यविधीला मी गेलो. सगळ्यांच्या मागे उभा राहिलो.

एप्रिलमध्ये इथे शाळा-कॉलेजांचं नवीन वर्ष सुरू होतं, नवीन माणसं येतात. परवा रविवारी सकाळी बेल वाजली. दारात पाठीवर सॅक घेतलेली एक मुलगी, साताऱ्याची, पीएचडीला आलेली. तिचा मामा कावासाकीला काकांच्याच इमारतीत राहतो. जानेवारीत ती घर बघायला आली होती, तेव्हा काकांनी तिला चहा करायला लावला आणि मग एक कागद दिला. तिने तो माझ्या हातात ठेवला. माझाच नकाशा, छापलेला, खाली माझं नाव. आणि त्याच्यावर, थरथरत्या बॉलपेनने, सगळ्या घंटा. त्यांनी त्या आठवून आठवून काढल्या होत्या. तिला मामाकडून कळलं होतं, दुकान बंद होईपर्यंत आणि नंतरही ते प्रत्येक नव्या माणसाला असाच कागद देत होते. “हा आमच्या डॉक्टरांनी काढलाय,” असं सांगून.

माझ्या घरावरही घंटा होती. शेजारी बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ‘जुना कागद यांच्याकडे जपून आहे.’

“काका म्हणाले, आधी इथेच जा,” मुलगी वाकून बुटाची नाडी सोडत म्हणाली. “जुना कागद बघितल्याशिवाय गाव कळत नाही म्हणे. दाखवाल ना मला?”

वृषाली स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. माझ्या तोंडात सवयीने ‘आणतो’ आलं होतं.

“नाहीये तो,” मी म्हणालो. “मी टाकला. कचऱ्यात, बुधवारी. आणि हा नकाशाही माझा नाही. सगळा त्यांचा आहे.”

एक बूट काढलेला, एक पायात, अशी ती उंबऱ्यावर तशीच राहिली. एवढंच तर सांगायचं होतं. काकांना सांगायला मला पाच वर्षं मिळाली होती.