थेंब नाय

पाइपाचा जोड आवळून झाला की तो उजव्या हाताचा अंगठा जोडाच्या खालून फिरवायचा, मग तोच अंगठा खालच्या ओठाला टेकवायचा आणि म्हणायचा, "थेंब नाय." बोटाला जी ओल कळत नाही ती ओठाला कळते, असं त्याचं म्हणणं होतं. ओठ कोरडा राहिला की पाना पिशवीत जायचा आणि हा चहाची वाट बघत बांधावर बसायचा.

आमच्या डिंगोऱ्यात त्याला सगळे फिटर म्हणत. खरं नाव असणार, पण ते कुणाच्या तोंडात नव्हतं. माझं पाइप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान, त्यामुळे आमची रोजची गाठ. विहिरीवरची मोटर असो, द्राक्षबागेतलं ठिबक असो, त्यानं केलेला जोड गळला असं मी तरी ऐकलं नाही. त्याचा त्याला माजही होता. "पानी थांबवता आलं ना राव, की जगातलं काय बी थांबवता येतं," असं तो दुकानात बसून गिऱ्हाइकांना ऐकवायचा. मी म्हणायचो, "मग आधी तुझी जीभ थांबव, मला धंदा करू दे." तो हसायचा आणि पुढे चालू ठेवायचा.

तुमच्या गावातही असा एखादा असेल. हाताला एक गोष्ट बसलेली असते आणि मग त्याला बाकीच्या सगळ्या गोष्टी तिच्याच सख्ख्या बहिणी वाटतात.

त्याची बायको तळेघरकडची, डोंगरातल्या एका वाडीतली. मी तिला वहिनी म्हणायचो. बोलायला फटकळ, पण हाताला चव. तिला छातीचं दुखणं लागलं आणि ते वाढतच गेलं. डॉक्टरांनी शेवटी सांगितलं की आता घरी ठेवा, जे मागेल ते द्या. तिनं एकच मागितलं. वाडीतली तिची थोरली बहीण अर्धांगानं खाटेला खिळली होती. आई लवकर गेल्यावर त्या बहिणीनंच हिला वाढवलं होतं. एकदा तिला डोळ्यांनी बघायचं, एवढंच.

तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड? फोन करायचा. पण वाडीत रेंज नाही. रेंज मिळते ती वरच्या माळावर, आणि बहिणीला माळावर कोण नेणार? भाचा माळावर जाऊन फोन करायचा, "मावशी, आई बरी हाय," म्हणायचा आणि दोघी बहिणी एकमेकींचा आवाज न ऐकताच राहायच्या. मग जीप करून जायचं ठरलं. तर जुन्नर ओलांडलं नाही तोच वहिनी काचेवर हात मारायला लागली. बंद गाडीत तिचा श्वास कोंडायचा. सगळ्या काचा खाली केल्या तरी डोक्यावरचा टप तिला छातीवर आल्यासारखा वाटायचा. जीप परत फिरवावी लागली. मोटरसायकलवर तोल सांभाळून बसायची ताकद तिच्यात उरली नव्हती. त्या दिवशी फिटर दुकानात आला आणि काही न बोलता बसून राहिला. तो गप्प बसलेला मी पहिल्यांदा बघितला.

आणि मग एक गाडी चालून आली. एका शहरी माणसानं शेतघरावर हौसेनं सुट्या भागांची गाडी मागवली होती. खोकी फोडायची, पुस्तकात बघून जोडायची आणि फिरायचं, असा तो प्रकार. दोन माणसांची, बिनटपाची, बसकी. त्याची हौस सांगाड्यापर्यंतच टिकली. शेड अडलीय म्हणून त्यानं ती फिटरला घेऊन जायला सांगितलं. बिनटपाची गाडी म्हटल्यावर फिटरचे डोळे चमकले. जुन्नरच्या एका मेकॅनिकनं इंजिन बसवून दिलं. सीटच्या मागे पेट्रोलची टाकी आणि तिची नळी मात्र फिटरनं स्वतः बसवली. नळी बसवायला दुसऱ्याला बोलवायचं म्हणजे त्याचा अपमानच.

तिथंच घात झाला. टाकीच्या बुडाशी नळीचं तोंड होतं, त्यावर त्यानं विहिरीच्या लोखंडी पाइपाचा पाना लावला आणि हाताच्या सवयीनं अजून अर्धा आटा आवळला. टाकीचं तोंड केसाएवढं तडकलं. पेट्रोल भरलं, त्यानं अंगठा फिरवला, ओठाला लावला आणि थुंकला.

पेट्रोलचा वास वहिनीला अजिबात सोसत नव्हता. सीटवर बसवून बघितलं तर खोकल्यानं ती निळी पडली. म्हणजे गाडी होती, रस्ता होता, बहीण जिवंत होती, आणि मध्ये एक थेंब होता.

फिटरनं काय नाही केलं? माझ्या दुकानातली पांढरी टेप गुंडाळली, थेंब पडला. ठिबकचं रबर बसवलं, ते पेट्रोल पिऊन फुगलं आणि निसटलं. पाण्याच्या टाकीला लावतो ती डिंकासारखी पेस्ट लावली, ती दुसऱ्या दिवशी शेंबडासारखी हाताला आली. मेकॅनिककडे गेला तर तो म्हणाला, पेट्रोलच्या टाकीला मी वेल्डिंग लावणार नाही, माझी पोरं लहान आहेत. गाडीच्या कंपनीचा फोन लागतच नव्हता. लोकांच्या मोटरी बंद पडल्या, लोक दारात येऊन ओरडून गेले, हा गाडीखाली पडलेला. डोळे लाल, दाढी वाढलेली. मला म्हणाला, "राव, आयुष्यभर लोकांचं पानी आडवलं. हितं माझ्याच दारात एक थेंब ऐकंना." आणि रडला. मी टेपची रिळं इकडची तिकडे करत राहिलो. मला रडणाऱ्या माणसापुढं काय करावं ते सुचत नाही.

उपाय वहिनीनं सांगितला. ओट्यावर उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "अवं, कापडाचा साबण लावा. आमच्या वाडीला येणाऱ्या जीपचा डायवर टाकीला साबणच घासायचा. दगडावर आपटून टाकी फुटायची, त्यो साबण दाबायचा अन् जायचा पुढं."

फिटर तिच्यावर खेकसला. "येडी का काय तू? साबण इरघळतो."

"पान्यात इरघळतो."

"मंग?"

"मंग पेट्रोल काय पानी हाय व्हय?"

त्यानं ऐकलं नाही. साबणानं गळती थांबते असं पाण्याच्या माणसाला सांगणं म्हणजे मिठाचा बांध घाल म्हणण्यासारखं. अजून दोन रबरं वाया घालवली. मग एका सकाळी भाच्याचा माळावरून फोन आला. आईनं अन्न सोडलं, मावशीला आणता आलं तर आणा. फोन ठेवून फिटर न्हाणीत गेला, धुण्याच्या दगडावरची पिवळी वडी उचलली, टाकी पुसून कोरडी केली आणि फटीत ती वडी जीव खाऊन दाबली. खाली कागद धरला. कागद कोरडा. अंगठा फिरवला, ओठाला लावला. "थेंब नाय," तो इतक्या हळू बोलला की मला ओठांवरूनच कळलं. वहिनी म्हणाली, "कडू लागला आसंल."

आम्ही लगेच निघालो. ते दोघं गाडीत, मी मोटरसायकलवर मागे. गाडीला नंबर नव्हता, कागद नव्हते. कुणी अडवलं असतं तर मी त्याच्या पाया पडणार होतो. कुणी अडवलं नाही. जुन्नर गेलं, घोडेगाव गेलं. वहिनीचा पदर वाऱ्यावर उडत होता आणि ती तोंड उघडून वारा खात होती. डिंभ्याचं धरण दिसलं तेव्हा तिनं मागं वळून मला हात केला.

धरणाच्या पुढे चढावर एका नळयोजनेची पाइपलाइन फुटली होती. जोडातून पाण्याची धार उडत होती आणि रस्त्याला ओढा आला होता. कुणीतरी वाईट जोड केला होता, दुसरं काय. फिटर थांबला, बघितलं, वळायला जागा नव्हती. पाण्यातून गाडी घातली. पलीकडे गेल्यावर वहिनी खोकायला लागली. मी उतरून खाली बघितलं. साबण धुऊन गेला होता आणि आता थेंब नाही, बारीक धार लागली होती.

उरलेली वडी त्यानं खिशातून काढली. ओल्या टाकीवर ती नुसती सरकत होती. शर्ट काढून त्यानं टाकी पुसली, पुन्हा दाबली, पुन्हा सरकली. पेट्रोल चाललं होतं, वहिनीचे ओठ काळे पडत होते. परत फिरावं तर तेवढंच अंतर आणि तेच पाणी. फिटरनं वडी फेकून दिली, फटीवर अंगठा ठेवला आणि दाबला. धार थांबली.

"राव, तू चालव," तो म्हणाला.

मोटरसायकल तिथंच टाकून मी गाडी घेतली. तो मागच्या खणात अंग दुमडून, एक हात टाकीखाली घालून बसला. तुम्ही तो घाट बघितला असेल तर तुम्हाला सांगायला नको. प्रत्येक वळणाला त्याचं डोकं पत्र्यावर आपटायचं आणि प्रत्येक वेळी तो विचारायचा, "ती कशी हाय?" वहिनीच्यात बोलायची ताकद नव्हती. ती मागं हात नेऊन त्याच्या केसांत ठेवायची, ते त्याला उत्तर. पेट्रोलनं कातडी जळते, मला माहीत आहे, एकदा बोटाला लागलं तर मी दिवसभर कुरकुरतो. त्यानं हूं की चूं केलं नाही. मी मोठ्यानं शिव्या देत होतो, घाटाला, टाकीला, त्या पाइप जोडणाऱ्याला. मला भीती वाटत होती.

वाडीत पोचलो तेव्हा भाच्यानं आईची खाट ओसरीत आणून ठेवली होती. मी इंजिन बंद केलं. फिटर हलेना.

वहिनी म्हणाली, "आलो आपन. सोडा आता."

"गळंल," तो म्हणाला.

"गळू द्या."

मी टाकीखाली घमेलं सरकवलं तेव्हा कुठं त्यानं अंगठा काढला. तो पांढरा पडून सुरकुतला होता. वहिनीला आम्ही उचलून खाटेवर बहिणीशेजारी बसवलं. बहिणीनं चालत्या हातानं तिचं तोंड चाचपलं आणि म्हणाली, "लई वास मारतोय गं." वहिनी म्हणाली, "ह्यांचा हाय त्यो." दोघी हसल्या आणि मग रडल्या. त्या संध्याकाळी बहीण वहिनीच्या हातून नाचणीची आंबील प्याली.

वहिनी खाली आलीच नाही. नको म्हणाली. फिटरही तिथंच राहिला. थोड्याच दिवसांत भाच्याचा माळावरून मला फोन आला आणि मी मिळेल त्या गाडीनं वर गेलो. बहीण खाटेवर होती, जिवंत. वहिनी गेली होती. मरणसुद्धा पत्ता चुकतं.

फिटर पुन्हा डिंगोऱ्यात राहायला आला नाही. त्याची पिशवी माझ्या दुकानात खुंटीला आहे. लोकांचे जोड आता गळतात, लोक मला येऊन बोलतात आणि मी त्यांच्यावर खेकसतो. गाडी वाडीतच आहे, तिच्यात कोंबड्या बसतात.

पण मला तो आठवतो तो त्या दिवसाचा. अंगणात तिरडी बांधून तयार होती. वहिनीला उचलायचं होतं आणि हा तिचं मनगट धरून बसलेला. धरून नव्हे, नाडीच्या जागी अंगठा दाबून बसलेला, सगळा जोर लावून, नख पांढरं होईपर्यंत. बायका बोलून झाल्या, भाचा पाया पडला, मी खांद्याला धरून हलवलं. हलला नाही.

शेवटी खाटेवरून बहीण बोलली. "पावनं, सोडा आता."

"गळंल," तो म्हणाला.

"गळू द्या, पावनं."

मग त्यानं अंगठा उचलला आणि ओठाला टेकवला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो काही बोलला नाही.