गोणपाटाखालच्या कोंबड्या

शाळा चौथीत सुटली, पण जित्राबाचं मला कुणी शिकवायचं नाही. आमचं घराणं सांगोल्याकडचं, मेंढरामागं फिरणारं. मी तेवढा सोलापुरात गिरणीत लागलो. पत्र्याच्या खोलीमागं हातभर जागा होती, तिथं पाच गावठी कोंबड्या पाळल्या.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा हिवाळा. बायकोला छातीचं दुखणं लागलं. डॉक्टर म्हणाले, औषधाबरोबर रोज अंडं द्या. मेव्हणा शेजारीच उभा होता. मी ऐटीत म्हणालो, "अंडी घरची हायती."

शेजारी एक तेलुगू विणकर म्हातारी राहायची. गल्ली तिला अव्वा म्हणायची. एकदा ती कुंपणावरून बोलली, "काय गुटगुटीत कोंबड्या रे तुज्या! रोज तीन-तीन अंडी देते की!" दुसऱ्या दिवशी मुंगसानं एक उचलली. मी काय ते समजलो. नजर लागली.

उरलेल्या चार डालग्याखाली झाकल्या, वर दगड ठेवला. कुणाची नजर पडू नये म्हणून त्यावर गोणपाट टाकलं. दिवसासुद्धा काढलं नाही. दाणापाणी हात घालूनच द्यायचो. बायकोच्या छातीला वारं लागू नये म्हणून खोलीचं दारही लोटलेलं. खिडकी नव्हतीच.

आठवड्यात अंडी तिनाची एकावर आली, मग तीही बंद. बाजरी घातली, सुकट घातली, मीठ-मिरची उतरून टाकली. कोंबड्या उबवायला खुडूक बसल्या म्हणावं तर तसंही नाही, नुसती पिसं झडायची. मी दुसरं गोणपाट टाकलं.

बायको अंथरुणातून म्हणाली, "अवो, ऊन दाखवा त्यास्नी. अंधारात कोंबडी अंडं देत न्हाय, आय सांगायची माजी."

"तुज्या आयनं किती कोंबड्या पाळल्या गं?"

"तुमच्यापरीस लई," ती म्हणाली, आणि हसता हसता खोकत राहिली.

अव्वा एक दिवस वाटीत अंडं घेऊन आली. "बायकूला दे बाबा."

"आमच्यात हायती," मी म्हणालो.

तिनं डालग्याकडं बघितलं. "कोंबडी हाय का चोर? कोंडून ठेवलं ते!" आणि वाटी घेऊन परत गेली.

अंडी बाजारात मिळत होती. पण विकत आणली असती तर मेव्हण्यापुढं बोललेला शब्द खाली पडला असता. गिरणीतून आलो की आधी गोणपाटाखाली हात घालायचो. ऊबदार पिसं लागायची, अंडं नाही. आत बायकोचं मनगट हातात धरलं तर रोज बारीक लागायचं.

मेव्हणा कुर्डुवाडीला रेल्वेत होता. तो आला, बहिणीकडं बघितलं, आणि तिची लुगडी पिशवीत भरू लागला.

"दाजी, रागावू नका. नेतो तिला."

"ने," मी म्हणालो. 

ती गेली त्या दुपारी मी दगड ढकलला, गोणपाट फेकलं. कोंबड्या उन्हात डोळे मिचकावत जागीच उभ्या राहिल्या. त्यांना मोकळं झाल्याचं कळेना.

अंडं काही लगेच आलं नाही. नवी पिसं फुटली, दिवस मोठा झाला, तेव्हा कुठं एक आलं. चार साठली तशी डब्यात ज्वारीच्या पिठात पुरून कुर्डुवाडीची गाडी धरली.

ती घरात खाटेवर बसली होती, पाठीवर ऊन घेऊन. गालावर थोडं मांस आलं होतं. मी डबा उघडला. तिनं एक अंडं काढून पदरानं पुसलं.

"सोडल्या म्हणा की कोंबड्या!"

"व्हय. चल आता घरी."

तिनं अंडं परत पिठात ठेवलं, हळूच, मोडू नये असं. मग मागं वळून बघितलं.

"हितं खिडकी हाय," ती म्हणाली.

 मी डब्याला झाकण लावलं, तो तिच्या खाटेजवळ ठेवला. संध्याकाळच्या गाडीनं एकटाच परत आलो.