नवरो माणस

देवानं हे जग घाईघाईत उरकलं आणि राहिलेली दुरुस्ती आमच्या दाजींच्या अंगावर टाकून तो झोपी गेला, असं माझं स्पष्ट मत आहे. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. कुठं नळ गळतोय, दार कुरकुरतंय, कुणाची स्कूटर रुसलीय, एवढं कानावर पडायचा अवकाश, की दाजी पाना घेऊन हजर. बोलावलेलं असो वा नसो! एकदा आम्ही एका बारशाला गेलो, तर पाळण्यात बाळ आणि पाळण्याखाली दाजी. "कडी घासतेय, मास्तरीणबाई," खालून आवाज आला, "पोरगं झोपेल कसं?" मी इथं सुरतेत मराठी शाळेत शिकवते, म्हणून मी मास्तरीणबाई. मला दुसरं नाव आहे हे ते कधीच विसरून गेलेत.

जन्मभर त्यांनी पलसाण्याच्या एका कारखान्यात साड्यांचं कापड रंगवलं. रंगमास्तर होते. यंदा बाजारात कोणता रंग चालणार, ते आम्हा बायकांना त्यांच्या नखांवरून कळायचं. कधी मोरपंखी, कधी हळदी, आणि लग्नसराईत ठरलेला राणी. जेवताना वरणात बोटं बुडाली की अक्का म्हणायची, "भाताला रंग लावू नका, विकायचा नाहीये." निवृत्त झाले आणि हळूहळू नखं पांढरी झाली. त्या कोऱ्या नखांकडे बघत ओट्यावर बसलेले दाजी मला तर बघवत नसत. मग त्यांनी दुरुस्त्यांचा सपाटा लावला, तो इतका, की सोसायटीचे प्रमुख येताजाता म्हणू लागले, "बहु नवरो माणस छे!"

गुजरातीत नवरो म्हणजे रिकामटेकडा. पण या शब्दाशी अक्काचं जुनं नातं आहे. लग्न होऊन ती नुकतीच साक्रीहून इथं कतारगामला आली होती, गुजरातीचा गंध नाही. शेजारच्या काकींनी खिडकीतून विचारलं, "नवरी छे?" म्हणजे, मोकळी आहेस का गं? अक्का लाजून चूर. पदर सावरत म्हणाली, "हो, मागच्याच महिन्यात." काकींनी हसत तिच्यापुढं पापडीची भली मोठी टोपली ठेवली आणि आमची नवी नवरी दुपारभर शेंगा सोलत बसली. सुरतेत नव्या सुनेचं असंच स्वागत करतात, असं तिला कितीतरी दिवस वाटत होतं.

अशी हसरी अक्का, पण अलीकडे ती घराबाहेर पडेनाशी झाली होती. गुडघे वाकत नाहीत, आणि वरून लघवीचा त्रास, घटकाभरही दम निघत नाही. आता महामार्गावर बाईमाणसानं जायचं कुठं? जिथं सोय आहे तिथं पाय ठेववत नाही, आणि आडोशाला बसणं गुडघ्यांना जमत नाही. एकेक करत तिनं सगळ्यांची लग्नं, बारशी सोडली. त्यात आमच्या एकुलत्या भावाच्या मुलाचं लग्न निघालं, साक्रीला. अक्का थोरली आत्या, पहिली हळद तिच्या हातची. फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "माले नही जानं कोठेच." चिडली किंवा रडवेली झाली की ती अहिराणीवर येते. त्या दिवशी ती चिडलेली नव्हती.

दाजी कडोदऱ्याला जाऊन भंगारातून एक दोन चाकी सांगाडा घेऊन आले. महिना-दीड महिना ठोकाठोक चालली, आणि त्यांच्या जुन्या जीपमागं जोडायचं एक पत्र्याचं घर उभं राहिलं. आत बाज, बेसिन, आणि पडद्याआड खुर्चीसारखा उंच कमोड. धरायला कठडा, पायाखाली रबरी चटई, खिडकी अशी उंचावर की बाहेरच्याला आतलं दिसू नये. सांडपाण्याला खाली रंगाच्या कारखान्यातलं रिकामं पिंप आडवं बसवलेलं. अक्कानं सगळं हात लावून लावून पाहिलं, बेसिनात पाणी ओतलं. मग खाली वाकता येईना, तर नुसता कान दिला. टप्. टप्. सांडपाण्याची टाकी गळत होती!

"मी आत आणि खाली ओघळ?" अक्का म्हणाली. "रस्त्यावरच्या माणसांना काय सांगू, आत गंगा उगम पावलीय म्हणून? मी नाही येणार." संपलं! लग्न आठवड्यावर आलेलं. दाजींनी मागच्या टोकाला, जिथून थेंब पडत होते, तिथं पुट्टी लिंपली. सुटली. ट्यूबचं ठिगळ लावलं. तेही सुटलं. त्या पिंपाच्या प्लॅस्टिकला काही चिकटेल तर शपथ. माणूस गाडीखाली उताणा पडून पोराशी बोलावं तसा त्या पिंपाशी बोलत होता. आणि एकदम उठला, घरात गेला, माळ्यावरून एक पुडी काढली. राणी रंग!

पुडीभर रंग बेसिनात ओतला, वर बादल्या रिकाम्या केल्या आणि पुन्हा खाली शिरले. "सापडला!" गाडीखालून आरोळी आली. चीर होती पुढच्या बाजूला, पिंप आवळणाऱ्या लोखंडी पट्टीखाली, केसाएवढी. पाणी पट्टीच्या कडेकडेनं वाहत जाऊन मागं ठिबकत होतं. "चोर पुढच्या दारानं शिरलाय, मास्तरीणबाई, आणि मी मूर्ख मागं कुलपं लावतोय!" एव्हाना राणी रंगाचा ओघळ उतारानं प्रमुखांच्या ओट्यापाशी पोचला होता. पेपर वाचता वाचता त्यांनी पाय खाली सोडले, आणि तळवे नव्या नवरीसारखे रंगले. "अरे, आ शुं मांड्युं छे?" "वऱ्हाड निघतंय, प्रमुखसाहेब," दाजी खालूनच म्हणाले, "पायाला रंग नको?"

मग पुट्टीबिट्टी सगळी फेकली. त्याच पिंपाच्या झाकणाची पट्टी कापून, तापल्या लोखंडानं वितळवून त्यांनी चिरेवर टाके घातले. "जातीला जात लागते," म्हणाले, "लग्नात नाही, प्लॅस्टिकात." लोखंडी पट्टीखाली पुन्हा घासू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा सरकवला. राणी रंगाचं पाणी पुन्हा काठोकाठ भरलं. अक्कानं एक पांढरा पंचा आणून दिला, खाली अंथरा म्हणाली. तिचा कोणावर विश्वास नाही. दिवसभर ती खिडकीतून त्या पंच्याकडे बघत होती, आणि दाजी तिच्याकडे. संध्याकाळी पंचा कोरा निघाला. अक्कानं तो दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला, घडी घातली आणि आत जाऊन कपाटावरची बॅग काढली. मला रडू आलं, सांगायला लाज कसली!

वाटेत आम्ही दहा ठिकाणी तरी थांबलो असू. दर वेळी अक्का मागच्या घरात जायची, आणि दाजी बाहेर रस्त्याकडे पाठ करून टाकीखाली नजर लावून उभे राहायचे. थेंब पडला नाही. साक्रीला पोचलो, पहिली हळद अक्कानं लावली. आणि मग बायकांच्या घोळक्यात नवरीच्या मावशीनं विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतात हो आता?"

"काही नाही," अक्का म्हणाली. "नवरो माणस."

त्या बिचाऱ्यांना गुजराती कुठलं! नवराच की, नवरा माणूस नाहीतर काय असणार, म्हणून सगळ्या खिदळल्या. अक्कानं अर्थ सांगितला नाही. मी मास्तरीण असून मीही सांगितला नाही. हळदीचे हात तसेच धरून ती मांडवाच्या फटीतून बाहेर बघत होती. तिकडं पत्र्याच्या घराखालून दोन पाय बाहेर आलेले दिसत होते. तेवढ्यात एक हात बाहेर आला आणि चाचपडत पाना शोधू लागला. त्याची नखं राणी रंगाची होती.