गिरगावच्या बालशाळेत मी गप्प बसायला शिकले

कणकवलीच्या स्टँडवर गाडी लागली तरी आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, गौरीला कडेवरून उतरवायला तयार नव्हते. चार वर्षांची घोडी झाली होती ती, पण आजोबांची कड सुटत नव्हती. शेवटी कंडक्टर ओरडला तेव्हा त्यांनी तिला माझ्याकडे दिलं आणि ह्यांना म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघा. चेडू रमला नाय तर मी येवन घेवन जातलंय." आमचे हे लगेच 'होय' म्हणून मोकळे. मी काय बोलणार? मुंबईला जाण्याचा हट्ट माझाच होता. पण दिवाळीनंतर पोर आपल्याजवळ नसेल ह्या विचाराने पार राजापूर येईपर्यंत मी तिला मांडीवरून उतरू दिलं नाही.

तुम्ही गावाकडून फोनवर विचारता, "काय गो, मुंबयकरीण झालंस?" आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्या बाया विचारतात, तुझी पोर कशी रुळली? सगळ्यांना वेगवेगळं सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहिते.

लालबागला आम्हाला चाळीत एक खोली मिळाली. गावाला खळ्यातून हाक मारावी तेव्हा परसातून ओ यायची. इथे कुजबुजलं तरी पलीकडच्या खोलीत कळतं. आणि ह्या गजबजाटात आमची गौरी मुकी झाली. कोंबड्यांशी भांडणारी पोर नुसती मान हलवायची, बोट दाखवायची. शेजारच्या काकूंनी नाव विचारलं की मीच सांगायचे. भूक लागली का विचारलं की मीच, "आत्ताच जेवली हो." मला गप्प राहणं माहीतच नव्हतं, तुम्ही ओळखताच मला.

आमचे हे लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. गिरगावातल्या एका जुन्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करताना त्यांनी तळमजल्यावर एक बालशाळा पाहिली. घरी येऊन म्हणाले, "तिथे बाई ओरडत नाही, पोरंच आपापलं काम करतात." मी म्हटलं, मग बाई पगार कशाचा घेते? पण जूनमध्ये तिथेच नाव घातलं, आणि रोज सकाळी बसने मी तिला सोडायला जाऊ लागले.

महिना गेला, दोन गेले. शेजारचा बंटी घरी येऊन घडाघडा एबीसीडी म्हणायचा. आमच्या बाईसाहेब घरी यायच्या तेव्हा बोटांना लसणाचा वास! एकदा फ्रॉकची बाही ओली, का तर फडकी धुतली. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या नीलाताईंना गाठलं. म्हटलं, "अहो ताई, लसूण सोलायला गावाला काय कमी होता? ह्याच्यासाठी आम्ही मुंबईत आलो का?"

त्यांना राग आला नाही. म्हणाल्या, "उद्या वर्गात कोपऱ्यात बसा. फक्त अट एकच. काही झालं तरी बोलायचं नाही आणि उठायचं नाही." आता मला ही अट म्हणजे शिक्षाच की!

वर्गात बाकं नव्हती, फळ्याकडे तोंड करून बसलेली पोरं नव्हती. बुटक्या कपाटांत सामान मांडलेलं. ज्याला जे हवं ते त्याने आणायचं, आपली छोटी चटई अंथरायची, तिच्यावर ते काम हवं तितका वेळ करायचं आणि झालं की जागच्या जागी ठेवायचं. दुसऱ्याच्या चटईवर पाय द्यायचा नाही, न विचारता हात लावायचा नाही. कुणी राजमा आणि वाल निवडत होतं, कुणी डोळे मिटून खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवत होतं. ताई एकेकाजवळ जाऊन बसायच्या, हळू आवाजात काहीतरी दाखवायच्या, उठायच्या.

गौरीने काचेचा जग उचलला. काचेचा! मी पदराची गाठ घट्ट धरली. एका जगातलं पाणी दुसऱ्यात ओतताना अर्धं जमिनीवर गेलं. मी उठलेच होते, तर ताईंनी लांबूनच हात वर केला. बसले परत. गौरी पाण्याकडे बघत राहिली. मग जाऊन फडकं आणलं, पुसलं, पिळलं, परत पुसलं. तेवढ्यात एक मुलगी मदतीला वाकली, आणि माझी पोर सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशी बोलली, "माका जमता. तू बाजूक रव."

देवा शप्पथ सांगते, मुंबईत घराबाहेर तिने काढलेले ते पहिले शब्द. मी तोंडात पदर कोंबून रडले. ताईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत, शाबासकी दिली नाही, मालवणी बोलली म्हणून सुधारलंही नाही. ती मुलगी बाजूला झाली आणि गौरीने जग पुन्हा भरला. निघताना ताई मला एवढंच म्हणाल्या, "तिला उत्तर सुचतं हो. फक्त तुमच्यानंतर सुचतं."

त्या वाक्याचे उपकार मी कसे फेडू? घरी येऊन खुंटी खाली ठोकली, तिच्या हाताला येईल असं पाण्याचं भांडं ठेवलं. कुणी तिला काही विचारलं की मनात देवाचं नाव घेत थांबायचे. सुरुवातीला लोक अवघडायचे, मीही. पण उत्तर यायचं. कधी एका शब्दाचं, पण तिचं. खरखरीत अक्षरं गिरवता गिरवता एक दिवस तिने लादीवर खडूने 'ग' काढला, आणि बंटीसारखं ओरडून दाखवायला कुणाला बोलावलंही नाही.

दिवाळीला आप्पा आले. सोबत रिकामी पिशवी, नातीचे कपडे न्यायला. गौरी चटई अंथरून करंजीचं सारण वाटीतून वाटीत भरत होती आणि आप्पा भिंतीला अंग चोरून पलीकडे गेले, कारण चटईवर पाय द्यायचा नाही असं तिने त्यांना बजावलं होतं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी तो प्रश्न विचारलाच.

"गौरी, येतंस मां माझ्यावांगडा घराक?"

माझ्या जिभेवर दहा उत्तरं आली. ती रमली आहे, ती बोलते, तिला नेऊ नका, मी पाया पडते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दातांखाली जीभ धरली आणि थांबले. गौरीने सारणाचा चमचा खाली ठेवला, विचार केला.

"तुमीच रवा हय," ती म्हणाली. "जागा आसा."

जागा! आप्पांनी खोलीभर नजर फिरवली: शेगडी, पलंग, ट्रंक, आणि एकमेकांना गुडघे लागतील असे बसलेले आम्ही. मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. भाऊबीजेपर्यंत राहिले आणि एकटेच परत गेले.

गावचं घर ते घरच, त्याची आठवण अजून येते. पण माझ्या पोरीने पाहुण्याला स्वतःच्या तोंडाने 'रवा हय', इथे राहा, असं म्हटलं ना, त्या दिवसापासून लालबागची ही खोलीही आमचं घर झाली.