कोकिळाकाकूंचे लंकेतले सात दिवस

अल्लीपूरच्या वासुदेवराव चाफल्यांच्या छातीत मागच्या वर्षी कळ आली. त्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांनी हृदयाच्या एका नळीत स्प्रिंग बसवली. आठवड्याभरात ते घरी आले, दोन महिन्यांनी वावरात कामालाही लागले. डॉक्टर म्हणाले, आता काळजीचं कारण नाही. वासुदेवरावांनी ते ऐकलं. त्यांच्या बायकोने, कोकिळाकाकूंनी, ऐकलं नाही.

काकू सत्तावन्न वर्षांच्या, अंगाने बारीक, चालणं झपझप. नवराबायको दोन एकरांत भाजीपाला करतात. वांगी, भेंडी, पालक, सांबार. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. तीस वर्षं काकूंनी हिंगणघाटच्या बाजारात पोत्यावर बसून भाजी विकली, कुणाला घाबरल्या नाहीत. पण स्प्रिंग बसल्यापासून त्या नवऱ्याच्या मागे सावलीसारख्या फिरू लागल्या. वासुदेवराव मोटर सुरू करायला विहिरीवर गेले की काकू मागे. कटिंगला गेले की काकू न्हाव्याच्या दुकानाबाहेर ओट्यावर.

"अवं, मी का पळून चाललो का?" ते एकदा वैतागून म्हणाले.

"पळाले त बरं. पडले त मी काय करू?"

मी त्यांचा शेजारी. हे संवाद आमच्या अंगणापर्यंत ऐकू येत.

त्यांचा मुलगा धनंजय पुण्याला नोकरी करतो. त्याने आणि सुनेने, सुरभीने, चौघांसाठी श्रीलंकेची सहल ठरवली होती. तिकिटं झाली, हॉटेलं झाली, आणि सुरभीला दिवस गेल्याचं कळलं. तिच्या डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. धनंजयने फोन लावला, "आई, तुमी दोघंच जा."

"येड लागलं का तुले? तिथं आपली बोली कोन बोलते?"

"ड्रायव्हर आहे ना. दुबईत राहून आला तो, हिंदी बोलते. सातही दिवस तुमच्यासंगच राहीन."

काकूंचं मन नव्हतं. वासुदेवरावांचं मात्र पक्कं ठरलं होतं. "इथल्या बोरच्या जंगलात वाघ आहे म्हनते, तो बी आपून कधी पाह्यला नाई," ते म्हणाले. "आता हत्ती त पाहू." शेवटी काकूंनी गोळ्यांच्या तीन पट्ट्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि चिवड्याचा डबा पिशवीत भरला. वावराकडे लक्ष ठेवायला शेजारच्या शोभाबाईंना सांगितलं आणि दोघं नागपूरहून विमानात बसली.

कोलंबोला ड्रायव्हर पाटी घेऊन उभा होता. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, नाव बंडुला. काकूंनी पहिल्याच दिवशी त्याचा बंडू केला. त्यालाही ते आवडलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःच फोनवर "बंडू बोलता है" म्हणू लागला.

तिसऱ्या दिवशी तो त्यांना मिन्नेरियाच्या तलावावर घेऊन गेला. पाणी ओसरलेल्या तळ्याच्या पात्रात हिरवंगार गवत उगवलं होतं आणि त्यात हत्ती चरत होते. एक-दोन नाही, शंभराच्या वर. उघड्या जीपमध्ये काकू आधी दांडा घट्ट धरून बसल्या. मग एक पिल्लू आईच्या चार पायांच्या मधून चालताना दिसलं. आई थांबली की ते थांबे, आई चालली की ते धडपडत चाले. काकूंचा हात दांड्यावरून सुटला.

वासुदेवरावांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. "बंडू, इतके हत्ती है, तो शेतकरी लोग क्या करते?"

"मेरा गाँव में धान खाता है," बंडुला म्हणाला. "हम पटाखा फोड़ता है. हाथी जाता है, फिर आता है."

"अगदी आमच्यासारखं!" वासुदेवरावांनी डोक्यावर दोन बोटं उभी धरून त्याला रोही, म्हणजे नीलगाय, दाखवला, नाकाने आवाज काढून रानडुक्कर दाखवलं. पुढचा अर्धा तास ते दोघं हत्तींकडे पाठ करून पिकांच्या नुकसानीवर बोलत बसले.

पाचव्या दिवशी चहाच्या डोंगरांतून जाणारी आगगाडी होती. बंडुलाने त्यांना नानुओया स्टेशनवर गाडीत बसवून दिलं. तो स्वतः सामान घेऊन मोटारीने एल्ल गावाला पुढे जाणार आणि तिथल्या स्टेशनवर त्यांना उतरवून घेणार, असं ठरलं. पाहुणे सगळे तसंच करतात, म्हणाला.

गाडी हळू, थंडी चांगलीच, खिडकीखाली ढग. ओहिया नावाच्या छोट्या स्टेशनवर गाडी थांबली. फलाटावर एकजण किटलीतून चहा देत होता. वासुदेवराव उठले.

"कुठं चालले?"

"हा समोरच आहे ना चहावाला. तू पाह्यत राह्य माह्याकडं."

काकू पाहत राहिल्या. वासुदेवरावांनी दोन कप हातात घेतलेले त्यांना दिसले. तेवढ्यात शिटी वाजली आणि गाडी हलली. वासुदेवरावांनी कप टाकले आणि पळाले. डावा हात छातीवर घट्ट दाबलेला, तोंड उघडं, आणि गाडी त्यांच्यापेक्षा थोडी जोरात. मग फलाट संपला, बोगदा आला आणि डब्यात काळोख झाला.

छातीवरचा तो हात काकूंच्या डोळ्यांपुढून हलेना. त्या ओरडत दाराकडे धावल्या. उतरल्याच असत्या, समोरच्या बाकावरच्या बाईने त्यांचा पदर धरला आणि मागे ओढलं. ती तिच्या बोलीत काहीतरी जोरात बोलली. काकूंना शब्द कळला नाही, रागावलेली आहे एवढं कळलं, आणि त्या खाली बसल्या.

"माहा मानूस रायला मागं," त्या तिला सांगत होत्या. "पळाले ते. पळाची मनाई आहे त्याईले." बाईने त्यांचा हात हातात घेतला.

दोघांत मिळून एकच फोन चालू होता आणि तो काकूंच्या पिशवीत होता. धनंजयने बंडुलाचा नंबर त्यात घालून दिला होता. काकूंनी लावला. लागला, आणि पुढच्या बोगद्यात तुटला. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा बंडुलाचा आवाज आला.

"बंडू, ये रह गये ओहिया में! छाती पे हात था उनका!"

"मैडम, आप उतरना नहीं. एल्ल आना. मैं स्टेशन को फोन करता है."

त्यानंतरची वीस मिनिटं कशी गेली ते काकू सांगत नाहीत. फक्त म्हणतात, की ती बाई केळं सोलून देत होती आणि मी ते हातात धरून बसली होती. मग फोन वाजला.

"मैडम, साब ठीक है. स्टेशन मास्टर के पास बैठा है. चाय पीता है. दूसरा गाड़ी में आएगा."

काकूंनी फोन ठेवला, केळं खाल्लं आणि मग रडल्या.

एल्लला त्या आणि बंडुला फलाटावर तीन तास बसून राहिले. बंडुलाने हॉटेलवर जाऊन आराम करा म्हणून सांगून पाहिलं. त्या हलल्या नाहीत. उन्हं कलताना गाडी आली आणि वासुदेवराव उतरले. हातात पानांसकट गाजरांची जुडी, पँट गुडघ्यांवर मातीने भरलेली.

काकूंनी तीन तासांत बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. ते राहिलं बाजूला. सगळ्या गोऱ्या पाहुण्यांसमोर त्यांनी नवऱ्याच्या छातीवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून उभ्या राहिल्या.

"चालू आहे," वासुदेवराव म्हणाले. "अवं, खिशात चष्मा होता. पळताना पडन म्हनून धरला होता."

"अन् पळून काई झालं नाई?"

"दम लागला. बसलो. गेला दम."

मग त्यांनी हकीकत सांगितली. ओहियाच्या स्टेशन मास्तराने खुर्ची दिली, चहा पाजला. फलाटामागे त्याची छोटी बाग होती, कोबी, गाजरं, घेवडा. घेवड्याचे वेल जमिनीवर लोळत होते. वासुदेवरावांना ते पाहवेना. त्यांनी खुणेने काड्या आणि दोरी मागितली आणि ओळीने वेल बांधून दिले. मास्तर दुसऱ्या टोकाने बांधत होता. तीन तासांत दोघांमध्ये एक शब्द सारखा नव्हता, आणि काही अडलंही नाही.

"मस्त मानूस," वासुदेवराव म्हणाले. "फक्त पानी जास्त देते झाडाईले."

काकू ऐकत होत्या. आपण तिथे नव्हतो, गोळी आपल्या पिशवीत होती, हा माणूस जीव तोडून पळाला, तरी त्याला काही झालं नाही. उलट चेहरा वावरातून आल्यासारखा ताजा होता. मला म्हणाल्या, "त्या दिवशी माह्या डोक्यावरून कोनीतरी भारा उतरवला असं वाटलं."

दोन दिवसांनी, शेवटच्या मुक्कामी, यालाच्या जंगलात बिबटे पाहायला जायचं होतं. पहाटे जीप निघाली. रस्ता खडबडीत, पण वारा गार होता. काकू नवऱ्याच्या खांद्याला टेकल्या आणि त्यांचा डोळा लागला. दवाखान्यातून आल्यापासून त्या एवढ्या गाढ झोपल्या नव्हत्या. घरी वासुदेवराव खोकले तरी उठून बसायच्या.

जीप थांबली. समोरच्या खडकावर बिबट्या पसरला होता, एक पाय खाली सोडून. बंडुला काकूंना उठवायला वळला. वासुदेवरावांनी ओठांवर बोट ठेवलं. वीस मिनिटं बिबट्या तिथे होता. त्याने जांभई दिली, अंग ताणलं, उन्हात येऊन पंजे चाटले आणि सावकाश झाडीत उतरला. वासुदेवराव खांदा न हलवता बसून राहिले.

काकू जाग्या झाल्या तेव्हा जीप फाटकाकडे चालली होती.

"दिसला का बिबट?"

"दिसला."

"मंग मले काऊन नाई उठवलं?"

"तू झोपली होती."

"सात समुद्र ओलांडून मी झोपाले आली का?" काकू कडाडल्या. फाटकापर्यंत त्या नवऱ्याकडे पाठ करून बसल्या. मग बंडुला पुढे बसून हसतो आहे हे त्यांना आरशात दिसलं, आणि त्यांनाही हसू आवरेना. नाश्त्याला त्यांनी तीन वेळा तांदळाच्या शेवयांची चकती मागून घेतली, नारळाच्या चटणीबरोबर.

"बंडू," त्या हात धुताना म्हणाल्या, "शाम को फिरसे जाते क्या जीप?"

जाते, असं कळलं. मग दोघं संध्याकाळी पुन्हा गेली. बिबट्या दिसला नाही. मगरी दिसल्या, पाण्यात लोळणाऱ्या म्हशी दिसल्या आणि पिसारा फुलवलेले सात मोर. मोर तर आमच्या अल्लीपूरच्या वावरांतही येतात, मिरचीची रोपं उपटतात, काकू त्यांना दगड मारून हाकलतात. पण त्या संध्याकाळी, त्या म्हणतात, मोर पाहायला लय मजा आली.