दहापैकी दोन

सैन्यात नर्सिंग असिस्टंट होतो, हवालदार म्हणून निवृत्त झालो. त्यानंतरची पोस्टिंग काळाचौकीतला एक वृद्धाश्रम, घरापासून चालत जाण्याइतका जवळ. सकाळी बीपी, ताप, मग प्रत्येकाला एकच प्रश्न: शून्य ते दहामध्ये किती दुखतंय? उत्तर चार्टवर लिहायचं. चारच्या वर गेलं की डॉक्टरांना फोन.

सीमेवर आकडा लागत नसे, जखम दिसायची. इथे काहीच दिसत नव्हतं.

लाडआजी गिरणीत उभ्याने काम केलेल्या. दोन्ही गुडघे गेलेले.

"किती, आजी?"

"बारा."

"दहापैकी सांगायचं."

"मगे तुझो धा लहान आसा," म्हणाल्या आणि खो खो हसल्या. हसणाऱ्या बाईचे बारा कसे लिहायचे? मी आठ लिहिले आणि डॉक्टरांना फोन केला.

शेजारच्या खोलीत सुभेदार गावडे. कॅन्सर पाठीच्या कण्यापर्यंत पोचलेला. रोजचं उत्तर ठरलेलं. "दोन. कॅरी ऑन."

एका सोमवारी त्यांनी चहाला हात लावला नाही. पंखा सुरू असून कपाळावर घाम. उशीचा अभ्रा दातांत धरलेला.

"साहेब, किती?"

अभ्रा सोडला. "दोन."

चार्टप्रमाणे फोन करायचं कारण नव्हतं. मला काही समजेना. खोटं बोलणारा माणूस नव्हे हा. मग लक्षात आलं, विचारणारा मी हवालदार. खालच्या रँकसमोर साहेब दुसरं काय सांगणार?

मी सावधान उभा राहिलो.

"साहेब, वर पाठवायला सिटरेप हवा."

सिटरेप म्हणजे परिस्थितीचा अहवाल. ती तक्रार नसते. जे आहे तेवढंच सांगायचं.

त्यांनी डोळे मिटले. "कंबर ते उजवा पाय. पहाटेपासून. होल्ड करणं कठीण. मदत पाठवा."

"रॉजर, साहेब."

डॉक्टर आले, मॉर्फिन सुरू झालं. संध्याकाळी सुभेदार थोडा वरण-भात जेवले.

"आता किती?"

"दोन."

"साहेब, सकाळीही दोनच म्हणालात."

"सकाळचे तुला सांगायचे होते. हे खरे आहेत."

तरी चार्टवर दोन्हीकडे दोनच.

सुभेदार गावडे पुढच्या महिन्यात गेले, झोपेत. लाडआजी दिवाळीनंतर. दोघांना नक्की किती दुखलं, ते मला आजही आकड्यात सांगता येत नाही.